इंजिनाचा जोर आणि गिअरबॉक्सचे दात

(द्वितीय वर्ष, कला)

गाडीचा जोर कुठे असतो, असे विचारले तर शंभरातील नव्वद जण बॉनेटकडे बोट दाखवतील. इंजिन किती सी.सी.चे, किती अश्वशक्तीचे, टर्बो आहे की नाही, यावर आमच्या दिवा गाडीत रोह्यापासून पेणपर्यंत वाद चालतो आणि नागोठण्याला चढणारी मुले त्यात आपली भर घालतात. गिअरबॉक्सचे नाव मात्र त्या वादात मी कधी ऐकले नाही. इंजिनात तयार झालेला जोर चाकांपर्यंत कोण नेऊन पोहोचवते आणि पोहोचवताना त्याच्यावर काय गुदरते, याची कोणाला फिकीर नसते. गाडीच्या पोटात तेलात बुडालेली ती पेटी मोडल्याशिवाय कोणाला आठवत नाही.

पेणच्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. गणपतीच्या मूर्तीचे डोळे आणि पितांबर सगळे पाहतात. प्लास्टरच्या आत काथ्या नीट घातला आहे की नाही, हे मूर्ती उचलताना कळते.

कला शाखेच्या विद्यार्थिनीला, त्यातून मुलीला, गिअरबॉक्सशी काय करायचे आहे, असे काही वाचकांच्या मनात येईल. माझा थोरला भाऊ पेणजवळ महामार्गाला लागून असलेल्या एका गॅरेजात मिस्त्री आहे. दहावीनंतर त्याने हातात पाना घेतला म्हणून माझ्या हातात पुस्तक राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तास संपल्यावर परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत मी त्या गॅरेजातल्या बाकावर बसते. तिथे जे पाहिले व ऐकले त्यावरून माझे एक मत झाले आहे. ते असे, की ज्याला आपल्या गाडीच्या इंजिनाचा जोर वाढवायचा आहे त्याने तो जोर सोसणारा गिअरबॉक्स आधी बसवावा, नाहीतर इंजिनाला हात लावू नये; आणि जो असे प्रामाणिकपणे करू पाहतो त्याला सरकारने तपासणी करून परवानगी मिळण्याची वाट मोकळी करून द्यावी.

हे मत हवेतून आलेले नाही. त्यामागे एक गाडी आहे.

स्कोडा ही झेक कंपनी २००१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत आली. तिची ऑक्टाव्हिया आपल्याकडे पुष्कळ विकली गेली, बहुतेक डिझेलच्या. पण २००४ च्या सुमारास तिची एक पेट्रोलवरची चपळ आवृत्ती आली, ऑक्टाव्हिया आर.एस. इंजिन १७८१ सी.सी.चे, टर्बो लावलेले, १५० अश्वशक्तीचे. पिळाची ताकद २१० न्यूटन मीटर. हा शब्द परका वाटत असेल तर असे समजावे: एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगले तर नटावर साधारण शंभर न्यूटन मीटरचा पीळ पडतो. गॅरेजात गिऱ्हाईक ज्याला ‘पिकअप’ म्हणते ते पुष्कळसे या पिळावर अवलंबून असते. गाडीला पाच गिअरची हाताने टाकायची पेटी होती, आणि त्या काळी तेवढी पुरेशी होती.

या पेट्यांच्या नावांतच एक गंमत दडलेली आहे. फोक्सवॅगन समूह (स्कोडा त्याच घरातली) आपल्या हाताने टाकायच्या गिअरबॉक्सला एमक्यू २५०, एमक्यू ३५० अशी नावे देतो. त्यातला आकडा म्हणजे ती पेटी साधारणपणे किती न्यूटन मीटरचा पीळ सोसू शकते, त्याची मर्यादा. या आर.एस.ची पेटी मिस्त्री लोकांत ०२जे म्हणून ओळखली जाते. ती २५० च्या वर्गातली. इंजिन २१० चे, पेटी २५० ची. कंपनीने मधे ४० ची सवड ठेवली होती. सगळेच यंत्र बनवणारे अशी सवड ठेवतात, जशी आई भाताचे पातेले काठोकाठ भरत नाही.

आता इंजिन न उघडताही जोर वाढवता येतो. इंजिनाचे काम एक छोटा संगणक चालवतो. त्याला लॅपटॉप जोडून आतले आकडे बदलले की टर्बो जास्त दाबाने हवा भरतो, पेट्रोल त्या मानाने जास्त सुटते आणि गाडी उधळते. याला रिमॅप म्हणतात. काम तासा-दोन तासांचे. या इंजिनात २१० चे २८० च्या आसपास होतात, असे रिमॅपवाले सांगतात. म्हणजे सवड संपलीच, वर ३० चे कर्ज झाले. आणि हे कर्ज इंजिनाच्या नावावर पडत नाही. गिअरबॉक्सच्या नावावर पडते.

अलिबागकडच्या एका गृहस्थांची २००५ ची अशी गाडी भावाच्या गॅरेजात ओढून आणलेली मी पाहिली. सुकेळी खिंडीत ट्रकला मागे टाकताना खडाड असा आवाज झाला, गाडी नुसती घोंघावत राहिली आणि रस्त्यावर तेल सांडले. रिमॅप दुसरीकडे कुठे तरी शहरात झाला होता. पेटी उतरवून उघडली तेव्हा कारण समोर आले. चाकांना फिरवणारे मोठे दातेरी चक्र, ज्याला मिस्त्री क्राऊन म्हणतात, ते या पेटीत रिव्हेटांनी ठोकून बसवलेले असते. रिव्हेट तुटले होते आणि त्यातला एक ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगला भोक पाडून बाहेर पडला होता. या जातीच्या पेटीचे हे दुखणे जगभर माहीत आहे. जोर वाढवला की ते लवकर डोके वर काढते.

असे का होते, ते मला भावाने एका कागदावर पेन्सिलीने काढून दाखवले. पहिल्या गिअरमध्ये पीळ साधारण साडेतीन पट होतो, पुढे क्राऊनपाशी आणखी चारेक पट. म्हणजे इंजिनाचे २१० चाकांपाशी जवळजवळ तीन हजार होतात, आणि २८० चे चार हजारांच्या घरात जातात. एवढा भार त्या क्षणी एकमेकांत गुंतलेल्या दोन-तीन दातांवर असतो. शिवाय जोर पडला की एकमेकांत अडकलेली चक्रे एकमेकांना दूर लोटतात आणि दात तिरके कापलेले असल्याने शाफ्ट लांबीच्या दिशेनेही सरकू पाहतो. शाफ्ट केसभर वाकतो. केसभर वाकला की दाताची सगळी रुंदी टेकत नाही, फक्त कड टेकते. मग कडेचा टवका उडतो, तो टवका तेलातून फिरतो आणि बाकीचे दात खातो. ‘दाताला कीड लागते तसंच हे,’ तो म्हणाला.

मालकापुढे चार वाटा होत्या. जुन्या बाजारातून तसलीच दुसरी पेटी आणून बसवणे ही पहिली. कुर्ल्याला शोधले तर मिळतेही. पण मोडलेल्या पेटीच्या जागी तीच पेटी आणि इंजिन मात्र वाढवलेलेच, म्हणजे पुढचा टो ठरलेला. दुसरी वाट रिव्हेट काढून त्यांच्या जागी पक्के बोल्ट मारण्याची. ही स्वस्त आहे आणि वाईट नाही. पण त्याने क्राऊन धरला जातो, दात आणि शाफ्ट तेच राहतात. तिसरी वाट इंजिन मूळ आकड्यांवर परत आणण्याची. भावाने हीच आधी सुचवली, आणि एकदा वाढलेला जोर चाखलेला कोणताही मालक जे करतो तेच यांनी केले, म्हणजे ते हसले. चौथी वाट त्याच घराण्यातली सहा गिअरची थोरली पेटी बसवण्याची, जिला ०२एम म्हणतात. ती ३५० च्या वर्गातली. तिच्यात गिअर दोन निर्गम शाफ्टांवर वाटून मांडलेले आहेत, त्यामुळे शाफ्ट आखूड राहिले. आणि आखूड शाफ्ट कमी वाकतो. याच इंजिनाच्या जास्त ताकदीच्या रूपाला, २२५ अश्वशक्तीच्या ऑडी टी.टी.ला, कंपनीने स्वतः सहा गिअरची पेटी दिली होती.

कंपन्या हेच करत आल्या आहेत. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८५ मध्ये ११८ एन.ई. ही गाडी काढली तेव्हा इंजिन निस्सानचे घेतले आणि गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला. पद्मिनीचा स्टिअरिंगजवळच्या दांडीचा गिअर तिच्यात राहू दिला नाही. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा आधी जुन्या दीड लिटरच्या, पन्नासेक अश्वशक्तीच्या इंजिनावर रडतखडत चालत होती. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले आणि बरोबर पाच गिअरची पेटी आली. इंजिन आणि पेटी ही जोडी आहे, ती जोडीनेच बदलायची, एवढे शहाणपण कारखान्याला असते. रिमॅप विकणाऱ्याला ते नसते असे नव्हे. पण पेटीचे बिल त्याच्या दुकानात फाडायचे नसते.

मोठी पेटी बसवणे म्हणजे जुनी काढली, नवी लावली, इतके सरळ नाही. पेटी धरून ठेवणारे फाऊंडेशन वेगळे, चाकांकडे जाणाऱ्या एक्सलची तोंडे वेगळी, क्लच व फ्लायव्हील वेगळे, स्टार्टर वेगळा, गिअरच्या केबल वेगळ्या. जुन्या पेटीत क्लच दाबणारा तेलाचा सिलिंडर बाहेर असतो, म्हणजे बिघडला तर अर्ध्या तासात बदलता येतो. नव्यात तो आतल्या बाजूला, बेअरिंगबरोबर असतो, म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा सगळी पेटी खाली. म्हणून तो जुना न वापरता नवाच घालायचा. एक एक वस्तू कुठून कुठून मागवावी लागली. मधे गणपती आले. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी कोकणात निघतात, वडखळच्या कोंडीत अर्ध्या क्लचवर सरकत सरकत क्लच प्लेटा जाळतात आणि आमच्या घरात भाद्रपदातच दिवाळी होते. ऑक्टाव्हिया तेवढे दिवस कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती.

या कामात माझाही थोडा हात लागला. दुरुस्तीचे पुस्तक इंग्रजीत होते. भावाला सुट्या भागांची सगळी इंग्रजी नावे येतात, पण लांब वाक्य आले की तो अडतो. शेक्सपिअरसाठी घेतलेला शब्दकोश मांडीवर घेऊन मी बाकावर बसून वाचत असे आणि गाडीखालून तो ‘परत वाच’ म्हणत असे. एका ठिकाणी लिहिले होते, की बोल्ट ठरावीक जोराने आवळून मग आणखी पाव वळसा द्यावा, आणि असा बोल्ट एकदा सोडवला तर पुन्हा वापरू नये. पुन्हा वापरू नये हे त्याला ठाऊक होते. का, ते पुस्तकात होते: त्या पाव वळशाने बोल्ट ताणला जातो, ताणलेलाच राहतो आणि त्या ताणानेच तो धरून ठेवतो. ‘म्हणून तो नंतर हाताला मऊ लागतो,’ असे भाऊ म्हणाला. हे पुस्तकात नव्हते. मराठीत असे एखादे पुस्तक असते तर दोन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या असत्या. आपल्याकडे ज्याचा हात मऊ-कडक ओळखतो त्याला वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येते तो हात काळे करत नाही.

आता विरुद्ध बाजू. माझ्या एका मैत्रिणीने विचारले, की या सगळ्याची गरजच काय? आपला महामार्ग आधी १७ नंबरचा होता, आता ६६ नंबरचा आहे. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे उलटून गेली तरी लोक खड्डे मोजत होते. अशा रस्त्यावर कोणाला एवढा वेग हवा? प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला वेगाचे वेड नाही. भिसे खिंडीत एस.टी. वळते तेव्हा मी पुढच्या सीटचा दांडा धरते. पण लोक जोर वाढवणार आहेत, ते वाढवतच आहेत, हे डोळ्यांनी दिसते. प्रश्न एवढाच उरतो, की तो जोर रस्त्याच्या मध्यावर, मागून ट्रक येत असताना, पेटी फोडून बाहेर पडणार की नीट चाकांपर्यंत जाणार. फटाके फोडणारा सायलेन्सर लावणाऱ्या पोराची आणि जास्तीचा खर्च करून पोटातली पेटी बळकट करणाऱ्याची गणना मी एकात करणार नाही. एकाची हौस सगळ्या आळीला ऐकू येते, दुसऱ्याची कोणाला दिसतही नाही.

यंत्राच्या बाजूने एक आक्षेप आहे, तो जास्त वजनाचा. पेटी बळकट केली म्हणजे कमजोर जागा नाहीशी होत नाही, पुढे सरकते. आधी दात तुटायचे, आता क्लच घसरेल. क्लच दणकट घातला तर एक्सल. म्हणूनच भावाने क्लच, एक्सल, ब्रेक हे सगळे त्याच हिशेबात धरले आणि मालकाला एकूण आकडा सांगितला. आकडा ऐकून मालक दोन दिवस आले नाहीत. हे दोन दिवस मला फार योग्य वाटतात. जोर वाढवण्याची खरी किंमत आधी कळली तर निम्मे लोक मूळ गाडीवरच सुखी राहतील.

आणि आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक शब्दांत उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. गॅसवर किंवा बॅटरीवर गाडी चालवायची असेल तर इंजिनात बदल करायला मात्र अटींसह वाट ठेवली आहे. गिअरबॉक्सचे नाव त्या कलमात नाही. नोंदणी प्रमाणपत्रात इंजिनाचा क्रमांक असतो, चेसिसचा असतो. गिअरबॉक्सचा रकानाच नाही. म्हणजे हे काम गुन्हा आहे की नाही, हे कागदावरून मिस्त्रीला समजत नाही, आणि विचारायला गेले तर होकाराचा अर्ज कुठे करायचा तेही नाही. उद्या त्या गाडीला अपघात झाला, कारण काहीही असो, तरी विमेवाला आणि पोलीस आधी विचारणार, की पेटी कोणी बदलली? रिमॅपवाल्याने बदललेले आकडे डोळ्यांना दिसत नाहीत. भावाने बसवलेली पेटी दिसते. दोघांतल्या ज्याने गाडी सुरक्षित केली त्याच्या मानेवर जोखीम, ही माझी खरी तक्रार आहे.

दुसरीकडे काय करतात? ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने मोठे बदल केलेल्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षे गुणांची पद्धत वापरली. गाडीचा कोणता मूळ भाग कायम आहे यावर गुण: चेसिसला ५, आणि गंमत म्हणजे गिअरबॉक्सला २ व इंजिनाला १. आठ गुण भरले तर जुना नंबर कायम, नाहीतर तपासणी. जर्मनीत बदललेला भाग तपासनीस पाहतात, पास करतात आणि त्याची नोंद गाडीच्या कागदात होते. आपल्याकडे तज्ज्ञ नाहीत असे कोण म्हणेल? गाड्यांची तपासणी करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे.

तपासणीची यंत्रणाही नव्याने उभारायला नको. आमच्या जिल्ह्याच्या एम.एच. ०६ या नंबराचे परिवहन कार्यालय पेणलाच आहे. खाजगी गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची पुनर्नोंदणी करावी लागते आणि ती पाच पाच वर्षांनी चालू ठेवावी लागते. त्या वेळी गाडी अधिकाऱ्यासमोर उभी राहतेच. त्याच ठिकाणी एक वाढीव अर्ज ठेवावा. त्यात इंजिनाचा मोजलेला पीळ आणि पेटीची कंपनीने ठरवलेली मर्यादा, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावे. दुसरा पहिल्यापेक्षा लहान असेल तर अर्ज नामंजूर, मग मालक कितीही मोठा असो. ब्रेकची चाचणी व्हावी, पेटी उंच धरून फाऊंडेशन पाहावे, तेलाची गळती पाहावी. पेटी त्याच कंपनीच्या घराण्यातली असावी, कुठल्याही भंगारातून जुळवलेली नसावी. लहानशी फी घ्यावी. दाखल्यावर मालकाच्या सहीखाली काम करणाऱ्या मिस्त्रीचे नाव व सही असावी. म्हणजे काम वाईट निघाले तर कोणाला धरायचे ते कळेल, आणि चांगले निघाले तर पुढच्या गिऱ्हाइकाला कोणाकडे जायचे तेही कळेल.

हे सगळे आता कशाला, विजेच्या गाड्या आल्या, त्यांना असला गिअरबॉक्सच नसतो, असे आमच्या वर्गातले एक हुशार मित्र म्हणतात. ऑक्टाव्हिया आर.एस. पुन्हा २०१७ मध्ये आपल्याकडे आली तीही आपोआप गिअर बदलणारी पेटी घेऊनच. खरे आहे. पण आज रस्त्यावर असलेल्या गाड्या उद्या सकाळी नाहीशा होणार नाहीत. हाताने गिअर टाकायच्या जितक्या गाड्या जुन्या होत जातील तितके त्यांच्या पेट्या उघडणारे हात लागतील, आणि ते हात कारखान्याच्या गेटबाहेरच, असल्या पत्र्याच्या शेडमध्ये असणार आहेत.

अलिबागची ती गाडी मार्गशीर्षात बाहेर पडली. पहिल्या पाचशे किलोमीटरला क्लच जपून वापरा, मग तेल बदलायला या, असे भावाने मालकाला बजावले होते. ते आले. तेल काढून त्याने बुचाचे लोहचुंबक पुसले आणि चिंधी उजेडात धरून पाहिली: बारीक करडी भुकटी होती, टवका एकही नव्हता. गाडीच्या कागदात मात्र या सगळ्याचा कुठेही उल्लेख नाही. पुनर्नोंदणीची पुढची तारीख २०३० ची आहे.